नव्या पानावर वरीलप्रमाणे

३ जाने., शुक्र.
थंडी. गुडघा कालच्यासारखाच. पहिली पाळी, पावणेसहाला गेटवर.

गेटचा नवा फोन. आतून कोणी नंबर लावला की इथे घंटी यायला फार वेळ लागतो. समोरच्या वजनकाट्यावर पोपटराव असतो, काचेतून दिसतो. त्याने आकडे दाबले की मी मोजायला लागतो. सकाळी आठ मोजले तेव्हा वाजला. दुपारी पाळी सुटताना अकरा.

पोपटराव तिथूनच ओरडला, "काका, तुमच्या सुनंचा फोन देहूला जाऊन येतोय व्हय?"

चूक माझीच. फोन बसला त्या दिवशी मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हा आमच्या वैशालीच्या कंपनीचा, माणच्या ऑफिसात बसून तीच बनवते. आता रोज ऐकून घ्यायचे. सेफ्टीच्या गायकवाड साहेबांनी नुसते घड्याळ पाहिले. ते जास्त लागले.

घरी आल्यावर गॅसचा नॉब दोनदा पाहिला. ही म्हणाली, "मी घरातच असते की दिवसभर."

५ जाने., रवि.
वैशालीला फोनचे विचारले. भीतभीत. ती कांदा चिरत होती. रागावली नाही.

"अण्णा, घंटी वाजायच्या आधी फोन एकमेकांना पत्रं लिहितात. मी कोण, कुठून आलो, कोणाशी बोलायचंय, आवाज कसा पाठवू. भलं मोठं पत्र. मधे आमचा सर्व्हर, पोस्टमन म्हणा. गेटच्या फोनला पत्र मिळालं की तो वाजतो आणि उलट कळवतो, 'वाजतोय'. त्याचंही पत्रच."

म्हटले, एवढे लिहायचे कशाला?

"तेच लहान करायचं काम आहे माझ्याकडे. गेटपर्यंत वायर नाही, तुमचा फोन सिमकार्डावर चालतो. पाळी सुटताना सगळ्यांचे मोबाइल चालू. त्या गर्दीत मोठं पत्र अडकतं. पण शब्द रोज तेच असतात ना? म्हणून दोन्हीकडे एकेक वही ठेवायची. एकदा पूर्ण लिहिलं की पुढच्या वेळी नुसतं सांगायचं, वहीतली अमुक ओळ."

मी म्हणालो, म्हणजे आमचे गेट रजिस्टर. तोच ट्रक, तोच ड्रायव्हर, तोच माल, की आम्ही खाली वरीलप्रमाणे लिहितो. घाई असली तर व.प्र.

तिने सुरी खाली ठेवली. "अगदी तेच, अण्णा! सर्व्हरला व.प्र. लिहायला शिकवतेय मी."

सातवी शिकलेल्या माणसाला बरे वाटले. वहीत लिहून ठेवावे इतके बरे वाटले.

१३ जाने., सोम.
वैशालीचे लहान पत्र आजपासून चालू. पोपटरावाने नंबर दाबला आणि मी दोन म्हणायच्या आत घंटी. दचकलोच. तो काचेआडून हात जोडून दाखवत होता.

गायकवाड साहेब येऊन म्हणाले, "काका, सूनबाईंना सांगा, मानलं." तीन वेळा आठवत घरी आलो. उद्या संक्रांत. गुडघा व.प्र.

१७ जाने., शुक्र.
सकाळी सातला कॅन्टीनवाला चिडून आला. दुधाच्या टेम्पोसाठी तीनदा फोन केला म्हणे, मी उचलला नाही. मी जागेवरच होतो. लघवीला गेलो होतो का? नाही. सव्वासहाला गेलो होतो, त्यानंतर नाही.

रिसीव्हर उचलून पाहिला. टोन येत होता. मग फोन चांगलाच असणार.

२२ जाने., बुध.
दुसऱ्या पाळीच्या नव्या गार्डने रजिस्टरचे पान उलटले आणि पहिल्याच ओळीत लिहिले व.प्र. गायकवाड साहेबांनी विचारले, वर काय आहे? वर छत आहे, असे ते पोर म्हणाले. हसलो, पण मग त्याला बसवून सांगितले. नव्या पानावर पहिली ओळ पूर्ण लिहायची. ट्रक कालचाच असला तरी पूर्ण. प्रेस शॉपमध्ये होतो तेव्हा जुन्या टाइमकीपरने माझ्याकडून पन्नास वेळा लिहून घेतले होते.

२४ जाने., शुक्र.
पुन्हा तेच. आज स्टोअर. साडेसहाला दोनदा आणि सातला एकदा केला म्हणतात. इथे काही वाजले नाही. मला तरी ऐकू आले नाही.

गायकवाड साहेब हळूच म्हणाले, "काका, डोळा लागतो का सकाळचा?"

तीस वर्षे प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे ओरडून बोलायची सवय लागते, ते घरी आल्यावरही जात नाही. ही मला म्हणते टीव्ही कमी करा. आमचा मुलगा सचिन लहान होता तेव्हा त्याचे रडणे मला कधी ऐकू यायचे नाही, हीच उठायची. तेव्हा वाटायचे दमलो आहे म्हणून. आता वाटते,

२६ जाने., रवि.
झेंडावंदनाला गेटवर गेलो होतो. घरी येऊन भिंतीवरचे घड्याळ काढून कानाशी धरले. उजव्या कानाला टिकटिक. डाव्या कानाला आहे असे वाटते, पण आहे हे माहीत असल्यामुळे वाटत असेल. हिने पाहिले. घड्याळ पुन्हा खिळ्याला लावले.

वैशालीला सांगावे का? काय सांगणार? तुझा फोन वाजत नाही, की माझा कान वाजत नाही. आत्ताच तिचे कौतुक झाले आहे. गप्प राहिलो.

२८ जाने., मंगळ.
सकाळी ट्रक नेहमीचे. अकराच्या पुढे लाइट गेली, जनरेटर लागला. तेवढ्यात चहा आला. बशी थरथरत होती म्हणून कप हातातच धरून प्यायलो.

मग आतून उत्तम पळत आला. प्रेसवरचा मुलगा, परभणीकडचा. उजवा हात फडक्यात, फडके लाल. मागे त्याचा लाइनचा माणूस. "काका, तीन वेळा फोन केला! गाडी का नाही काढली?" दवाखान्याच्या गाडीची किल्ली गेटवर माझ्याकडेच असते. फोन आला की मी ड्रायव्हरला उठवायचे, दांडी वर करायची, माणूस येईपर्यंत गाडी तयार. फोन आला नाही. मी चहा पीत होतो.

पोर शेडपासून गेटपर्यंत पायी आले. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाला, "राहू द्या काका." मीच रडायचा राहिलो.

बोट वाचले असा संध्याकाळी निरोप आला. पुढच्या पेराचे माहीत नाही.

जेवलो नाही.

२९ जाने., बुध.
गायकवाड साहेबांनी कागद पुढे केला. टाइप केलेला. "मी जागेवर हजर होतो, परंतु मला फोन ऐकू आला नाही." खाली सहीची जागा.

"काका, तुमच्यावर राग नाही. पण एजन्सी तरुण माणूस देतो म्हणते. तुम्हाला आत बसून करायचं काम बघतो."

मी म्हणालो, "साहेब, फोन वाजला नाही असं लिहिलं तर?"

"कंट्रोल रूममधून फोन लावला त्याने स्वतः रिंग जाताना ऐकलीय, काका. तीन वेळा."

सोमवारपर्यंत मुदत मागितली. त्यांनी दिली. माणूस वाईट नाही.

३१ जाने., शुक्र.
आज कानावर विसंबलो नाही. पावणेसहापासून फोनवर हात ठेवून बसलो. घंटी वाजली की हा फोन थरथरतो, तळव्याला कळते. सातला पोपटराव आला. त्याला खूण केली, लाव.

त्याने आकडे दाबले. रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. माझ्या हाताखाली काही नाही. त्याने काच सरकवली आणि ओरडला, "वाजतोय की! उचला!"

"नाही वाजत!"

"आवो माझ्या कानात वाजतोय!"

मी दुसरा हातही फोनवर ठेवला. दगडासारखा. पोपटराव रिसीव्हर तसाच टाकून रस्ता ओलांडून आला, स्वतः हात ठेवून बघितला. मग म्हणाला, "काका, तुमचा कान न्हाई, ह्यो फोनच भैरा हाय."

दहाला पुन्हा लावून पाहिले, वाजला. नीट, मोठ्याने.

आनंद व्हायला हवा होता. घरी येताना बसमध्येही झाला नाही. कारण मग दोष वैशालीचा.

१ फेब्रु., शनि.
पाळी सुटल्यावर परस्पर चिंचवडला कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवले, कानाला लावायचे दिले, आवाज आला की बटण दाबा. आवाज नसतानाही दोनदा दाबले, घाबरून.

डॉक्टर बाई म्हणाल्या, उजवा वयाच्या मानाने चांगला, डावा बराच गेलेला. फोनची घंटी ऐकू येईल का म्हटले. "शांत जागी येईल. गोंगाटात चुकू शकते."

हिला सांगितले नाही. तिने पिशवीतला कागद पाहिला आहे असे वाटते, कारण रात्री डाव्या बाजूला बसायची ती उजव्या बाजूला येऊन बसली.

२ फेब्रु., रवि.
वैशालीला सगळे सांगितले. उत्तमचे बोट, कागद, हात ठेवून बसलो ते. ती पांढरी पडली. "अण्णा, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुझं कौतुक झालं होतं ना."

ती खुर्ची ओढून समोर बसली. मग म्हणाली, कुठल्या कुठल्या दिवशी झालं, आठवतं? मी ही वही दिली. आजवर कोणाला दिली नव्हती. ती बोट फिरवत वाचत गेली. गॅसच्या नॉबाचेही वाचले असणार.

"सतरा. चोवीस. एकतीस. अण्णा, हे सगळे शुक्रवार आहेत."

मी रोज वार लिहितो. मला दिसले नव्हते.

७ फेब्रु., शुक्र.
सोमवारी गायकवाड साहेबांना म्हटले होते, सहीआधी एक शुक्रवार स्वतः बघा. आज सहाला ते हजर. वैशालीही स्कूटरवरून एवढ्या थंडीत काळेवाडीहून चाकणला आली. वाटेत तिचा फोन लागेना, माझा जीव वर.

साहेबांच्या कानात रिंग. माझ्या हाताखाली दगड. वैशाली लॅपटॉप घेऊन शेडमध्ये बसली, आठला बाहेर आली. मला बाजूला घेतले.

"गुरुवारी सुट्टीला इथे लाइटचा मेन स्विच पाडतात, हो ना? सर्व्हर दिवसभर बंद. शुक्रवारी उठतो तेव्हा त्याची वही कोरी असते. आतले फोनही बंद झालेले असतात, ते उठल्यावर नवी वही मागून घेतात. पण गेट कधी बंद नसतं. तुमचा फोन बॅटरीवर, त्याच्याकडे जुनीच वही. सर्व्हरला एवढंच आठवतं की गेटला वही दिलेली आहे. त्यात काय लिहिलं होतं ते विसरलेला. आणि सरळ सांगतो, ओळ एक. तुमच्या फोनच्या वहीत ओळ एक वेगळीच. पत्र उघडत नाही, तो टाकून देतो. तीन-चार तास असं झालं की स्वतःच वही टाकून नवी मागतो."

"आणि लावणाऱ्याला रिंग ऐकू येते ती?"

"ती सर्व्हर स्वतःच ऐकवतो. लोकांना शांतता नको असते म्हणून."

मी म्हणालो, "नव्या पानावर पहिल्याच ओळीत व.प्र."

ती खाली बघत राहिली. "पत्र कळलं नाही तर फोनने कळवायचं असतं, समजलं नाही, पूर्ण सांगा. ते उत्तर मीच काढून टाकलं होतं अण्णा. तेवढाच वेळ वाचेल म्हणून."

गायकवाड साहेबांपुढेही तिने हे असेच सांगितले. एक शब्द लपवला नाही. मी बाजूला उभा होतो. अभिमान वाटला आणि रडू आले, दोन्ही एकदम.

१४ फेब्रु., शुक्र.
आता सर्व्हर उठला की प्रत्येकाला पहिली ओळ पूर्ण लिहितो. न कळल्याचे उत्तरही परत घातले.

सहा वाजून दहा मिनिटांनी घंटी. हात मांडीवर ठेवला होता मुद्दाम. कानानेच ऐकली.

"काका, आवाज येतोय का?" गायकवाड साहेब.

"येतोय साहेब."

१७ फेब्रु., सोम.
साहेबांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. "विषय संपला काका. फोनच खराब होता." एजन्सीलाही कळवले. पोपटरावाने सगळ्यांसाठी वडापाव आणले. "काका सुटलं, सून बी सुटली!" मी दोन खाल्ले.

घरी आल्यावर वही मागे चाळली. चाळायला नको होती.

उत्तमच्या बोटाला लागले तो मंगळवार होता, शुक्रवार नव्हे.

१९ फेब्रु., बुध.
उत्तम कामावर आला. बोट सरळ राहते, शेवटचे पेर वळत नाही. गेटशी थांबून दाखवले. "तुमचा काय दोष काका, फोनच मेला होता." मी म्हणालो हो. हो म्हणालो.

त्या मंगळवारचे जे लिहिले आहे तेवढेच पुन्हा पुन्हा वाचतो. लाइट गेली, जनरेटर लागला. लाइट गेली म्हणजे सर्व्हर बंद पडला असेल, म्हणजे फोन वाजलाच नसेल. पण जनरेटर माझ्या केबिनच्या मागे, डाव्या हाताला. बशी थरथरत होती. फोन वाजला असेल आणि मीच... दोन्ही त्या एकाच ओळीत आहेत.

२३ फेब्रु., रवि.
वैशालीला विचारलेच. लाइट गेली की सर्व्हर लगेच पडतो का?

"नाही. त्याला छोटी बॅटरी आहे, वीसेक मिनिटं धरते. जनरेटर लगेच लागला असेल तर पडलाच नसेल." मग माझ्याकडे बघून तिला कळले. "अण्णा, साहेबांनी मिटवलंय ना?"

"सर्व्हरकडे लिहिलेलं असेल ना, त्या दिवसाचं?"

"असतं. तीस दिवस. मग आपोआप पुसलं जातं. तुमच्या फोनचं 'वाजतोय' आलं असेल तर वाजला होता. आलं नसेल तर नाही."

मी बोटांवर मोजले. गुरुवारी पुसले जाणार.

ही आतून म्हणाली, "जाऊ दे की पुसलं. कोणी मागतंय का?"

वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. मग हळू म्हणाली, "एक लक्षात घ्या अण्णा. आलं नसेल, तर ते बोट माझ्यामुळे."

म्हणजे आले असेल तर माझ्यामुळे.

काय निघावे असे मला वाटते ते या वहीतही लिहवत नाही.

२४ फेब्रु., सोम.
पाळीत तीन वेळा घंटी वाजली, तीनही वेळा ऐकली. जनरेटर लागला नाही.

ठरवले. सकाळी वैशाली स्कूटर काढायच्या वेळी तिला गेटवरून मोबाइल लावला, म्हणालो, बघ. जे असेल ते. माझे निघाले तर उत्तमला आणि साहेबांना मी स्वतः सांगणार, गेट सोडणार. तिचे निघाले तर? ती म्हणाली, "तर मी येते गेटवर, उत्तमला भेटायला." तिने तेही ठरवूनच ठेवले होते.

पोचलीस की कळव म्हटले. कळवले.

२५ फेब्रु., मंगळ.
वैशाली सातला आली. हातपाय धुतले, हिला पोळ्या लाटू लागली. तोंडावरून काही कळेना. मी स्वयंपाकघराच्या दारात दोन चकरा मारल्या.

"मिळालं अण्णा. जेवण झालं की सांगते."

"सांगू नको. कागद आणलास का?"

"आणलाय."

ती खोटे बोलणार नाही. पण माझे निघाले असेल तर आपल्या अंगावर घेईल, अशी आहे ती. मी तिच्या जागी असतो तर हेच केले असते. म्हणून कागदच बघायचा. इंग्रजी येत नाही, पण 'वाजतोय'चा शब्द मी काल तिच्याकडून या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. सात अक्षरे. दुपारी गेटवर बसून तो दहा वेळा गिरवला. आता कुठेही असला तरी ओळखेन.

ताटे मांडल्याचा आवाज आला. ही हाक मारते आहे. पहिल्याच हाकेला ऐकू आली. उठतो. चष्मा बरोबर घेतो.